कालचा भाग पाहिलात का?

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा डोळ्यांसमोर प्रथम उभे राहिले ते शहाजीराजे. बंगलोर आणि मराठी माणूस म्हटले की सुरुवात तिथूनच व्हायची! पण तो विषय जाणकारांचा, आणि मी पडलो रेल्वेच्या सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला. तेव्हा ज्याचा मी स्वतः साक्षीदार आहे असा एक छोटा इतिहास सांगतो. तो आहे टी.व्ही.वरच्या भुताखेतांच्या मालिकांचा. खरे म्हणजे मालिकांचा कमी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "काल काय झालं हो शेवटी?" म्हणून सुरू होणाऱ्या चर्चेचा जास्त. हसू नका. आपल्यासारख्या गाव सोडून आलेल्या माणसांच्या वाट्याला मालिका थोडी आणि चर्चाच अधिक आली आहे.

सुरुवात १९८५ पासून करावी लागेल. त्या वर्षी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' आली. अरुण गोविल विक्रम आणि सज्जन हे जुने नट वेताळ. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. आमचे बिऱ्हाड मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये होते. (मिरज म्हणजे त्या काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एका ठिकाणी भेटणारे जंक्शन, हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको.) चाळीत टी.व्ही. दोन, आणि बघणारी माणसे पन्नासेक! ती गोष्ट मूळची अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तली, हे मला फार नंतर कळले. पण एक गंमत तेव्हाही जाणवली होती. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे चर्चा गोष्टीतच घालून दिलेली! राजाने उत्तर देण्याआधी चाळीतले फिटर, गार्ड, तिकीट क्लार्क आपापले उत्तर देऊन मोकळे व्हायचे, आणि राजाचे उत्तर वेगळे निघाले तर राजा चुकला असे ठरायचे. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ड्यूटीवर निघालेली मंडळीसुद्धा तोच वाद पुढे चालवत जात. भीती अशी कुणाला वाटलीच नाही.

भीती आली ती १९९३ मध्ये, 'झी हॉरर शो'बरोबर. झी टी.व्ही. सुरू होऊन वर्षही झाले नव्हते. रामसे बंधू म्हणजे 'दो गज जमीन के नीचे' (१९७२), 'पुराना मंदिर' (१९८४) वाले. सिनेमाच्या थेटरात जे बघायला घरचे कधी सोडले नसते ते आता केबलवरून थेट घरात आले. 'दस्तक' ही पहिली गोष्ट. आमच्याकडे केबल नव्हते. वर्गात एकाकडे होते, आणि तो सकाळी प्रार्थनेच्या आधी सगळा भाग सांगायचा. दाराचा आवाज तोंडाने, पावलांचा आवाज बाकावर बोटांनी! पुढे केव्हातरी मला तेच भाग बघायला मिळाले, तेव्हा लक्षात आले की पठ्ठ्याने निम्मे पदरचे घातले होते. आणि खरे सांगतो, त्याचे पदरचे रामसेंपेक्षा सरस होते. १९९५ साली सोनीवर बी. पी. सिंग यांची 'आहट' आली तोवर आमच्याकडेही केबल आले होते, आणि मग सांगणारे वाढले, ऐकणारे कमी झाले.

मराठीत मात्र भयकथेची परंपरा टी.व्ही.च्या फार आधीची. नारायण धारप यांची पुस्तके वाचनालयात कधी जागेवर सापडत नसत. २०१८ मध्ये 'तुंबाड' चित्रपट आला तेव्हा त्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे हे वाचून अनेक जुन्या वाचकांना भरून आले असेल. धारप २००८ मध्येच गेले होते. दुसरे रत्नाकर मतकरी. बँकेत नोकरी करून, नाटके, बालनाट्ये करून या माणसाने गूढकथा लिहिल्या. १९९९ साली १५ ऑगस्टला अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि पुढे तिच्यावर मतकरींच्या कथांची 'गहिरे पाणी' ही मालिका आली. मी तेव्हा डिप्लोमा करत होतो. त्यात कवट्या नव्हत्या, जुने मंदिर नव्हते. साधे घर, साधी माणसे. मत्सर, एकटेपण, जुना अपराध, आणि त्यातूनच काहीतरी हळूच वर येणारे. ते बघून झाल्यावर आई दिवा लावायची आणि म्हणायची, "हे आपल्या शेजारीसुद्धा घडेल रे." त्या वाक्याची मला मालिकेपेक्षा जास्त भीती वाटे.

२००४ मध्ये नोकरीनिमित्त बंगलोरला आलो. शिवाजीनगरात, रसेल मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर दोघांत एक खोली. केबलवर कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, सगळे होते, मराठी नव्हते. मग आई रविवारी फोनवर मालिका सांगू लागली. आठवड्याचे भाग वीस मिनिटांत! ती शेवट मुद्दाम सांगत नसे. "पुढच्या रविवारी फोन करशील ना? तेव्हा सांगते." हा वेताळाचाच डाव की हो! मी दर रविवारी फोन करत गेलो.

पुढे ज्यांना परवडले त्यांनी घरावर डिशची छत्री बसवली. २०१३ मध्ये शहरातले केबल डिजिटल झाले आणि वाहिन्या वाढल्या. आणि मग २२ फेब्रुवारी २०१६ ला झी मराठीवर रात्री साडेदहाला 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. कोकणातला नाईकांचा वाडा, अण्णांचा मृत्यू, त्या निमित्ताने जमलेले कुटुंब, आणि प्रत्येकाच्या मनात काहीतरी दडलेले. चित्रीकरण कुडाळ तालुक्यातल्या आकेरी गावचे. ज्वेलर्स स्ट्रीटच्या बाजूला राहणाऱ्या, विट्याकडच्या एका गलाईवाल्या बांधवांच्या घरी दहा-बाराजण जमू लागले. ज्यांची रात्रपाळी असेल त्यांच्यासाठी सकाळी चहाच्या टपरीवर पुन्हा सगळे सांगितले जाई. खुनी कोण यावर पैजा लागत. पांडूचे "इसारलंय" तर आमच्या ऑफिसात चालू झाले. साहेबांनी फाईल मागितली की मराठी मंडळी एकमेकांकडे बघून हसायची. पांडूचे काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेच्या लेखकांपैकी एक, हे कळल्यावर त्या विसराळू पांडूबद्दलचा आमचा आदर एकदम वाढला.

पण सगळेच हसत नव्हते. आमच्यात कुडाळकडचे एक सहकारी होते, त्यांना सगळे 'गाववाले' म्हणत. सिंधुदुर्गातूनच मालिकेला विरोधाचा सूर उठला होता की कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते. गाववाल्यांचे मत तेच. एकदा कुणीतरी सहज म्हणाले, "तुमच्याकडे काय, वेताळाचीसुद्धा देवळं!" गाववाल्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "आमचो वेतोबा भूत न्हय हां, तो राखणदार!" मग त्यांनी आरवलीच्या वेतोबाबद्दल सांगितले. त्याला केळ्यांचे घड आणि मोठमोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. दूरदर्शनने आम्हा घाटावरच्यांना वेताळ दाखवला तो राजाच्या पाठीवर बसणारा. कोकणाला माहीत असलेला वेताळ रात्री जागून गाव सांभाळणारा. त्या सकाळी टपरीवर कुणी पैज लावली नाही. माझे स्वतःचे मत तेव्हा मालिकेच्या बाजूचे होते आणि आजही बरेचसे आहे. मालवणी बोली रोज रात्री घराघरांत गेली ती याच मालिकेमुळे. शिवाय डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला तो फसवणुकीवर आणि अघोरी प्रकारांवर आहे, गोष्ट सांगण्यावर नाही, असे मी हिरिरीने मांडत असे. गाववाले एवढेच म्हणत, "गोष्ट ऐकणारो कोण आसा, ता बघूक होया."

ते बघायची पाळी माझ्यावर आली २०१९ मध्ये. १४ जानेवारीला मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले. कथा मागे गेली, अण्णा जिवंत झाले (माधव अभ्यंकर), शेवंता आली (अपूर्वा नेमळेकर) आणि चर्चेला नुसता ऊत! त्याच दिवसांत माझ्या हद्दीतल्या एका छोट्या स्टेशनजवळ एक ट्रॅक सर्किट रात्री दोन-तीनच्या सुमारास फेल होऊ लागले. जे सिग्नल खात्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रुळातून थोडी वीज सोडलेली असते. ती पलीकडच्या रिलेपर्यंत पोचली तर रूळ मोकळा. गाडी आली की चाकांतून वीज मधेच वळते, रिले पडतो आणि स्टेशन मास्तरच्या पॅनेलवर लाल पट्टी उजळते. इथे गाडी नसताना लाल पट्टी उजळत होती, आणि सकाळी ऊन आले की आपोआप नाहीशी होत होती. त्यात काही महिन्यांपूर्वी तिथेच एक माणूस गाडीखाली सापडला होता. नेमलेला हेल्पर, चांगला हुशार कन्नड पोरगा, सलग दोन रात्री जागेवर गेलाच नाही. उजाडल्यावर जायचा, मीटर लावायचा, सगळे ठीक! गाड्या अडत होत्या, आणि विचारणा मला होत होती.

तिसऱ्या रात्री मी त्याच्याबरोबर गेलो. लोकेशन बॉक्सच्या दारावर खडूने कन्नडमध्ये दोन शब्द लिहिलेले. मी वाचले, 'नाळे बा'. म्हणजे 'उद्या ये'. बंगलोरच्या जुन्या मंडळींना हे ठाऊक असेल. १९९० च्या दशकात इथे बोलवा उठली होती की एक बाई रात्री दार ठोठावते, घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडले की माणूस जातो. म्हणून लोकांनी दारांवर 'नाळे बा' लिहिले. ती वाचते आणि परत फिरते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते, पुन्हा फिरते. २०१८ च्या 'स्त्री' चित्रपटात हीच कल्पना चंदेरीला नेऊन वापरली आहे. पोरगा म्हणाला, त्याच्या लहानपणी त्यांच्या दारावर आजीने लिहिले होते. आणि मग हळूच म्हणाला, "सार, तुम्ही लोक सकाळी टपरीवर रोज तेच बोलता ना?"

आमची चर्चा तो ऐकत होता! मराठी त्याला अर्धे समजे. किंकाळी समजली, मेलेला माणूस परत आला ते समजले. पण त्यानंतर आम्ही जे हसायचो, प्रसंगांतल्या चुका काढायचो, "हे कसं शक्य आहे" म्हणून भांडायचो, ते त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. भीती पोचली आणि सकाळ पोचली नाही.

टॉर्च घेऊन आम्ही दोघे रुळाच्या कडेने जोड तपासत गेलो. दोन रुळांना जोडणारी बाँडची एक तार मुळाशी तडकली होती. थंडीत रूळ आकसला की जोडाची फट वाढे, तार सुटे, वीज तुटे. उन्हात रूळ वाढला की तार पुन्हा टेके. दिवसा मीटर लावून हे सापडणार कसे? मी त्याला तार हातात धरायला लावली. परत येताना बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातल्या बेगुनकोदर स्टेशनाची हकिगत सांगितली. पांढऱ्या साडीतली बाई दिसते या बोभाट्याने ते १९६७ मध्ये बंद पडले ते २००९ मध्ये हॉल्ट म्हणून पुन्हा उघडले. बेचाळीस वर्षे तिथल्या माणसांना गाडीसाठी दुसरे स्टेशन गाठावे लागले. तो म्हणाला, "तिथे रात्री कुणी तपासायला गेलं नाही का, सार?" मी काय सांगणार? दोन रात्री मीही फोनवरूनच सूचना देत होतो.

त्यानंतर आम्ही टपरीवर त्याला मध्ये बसवून हिंदीत भाग सांगू लागलो. गाववाले सांगत आणि तो मध्येच थांबवून प्रश्न विचारी. पांडू त्याला सर्वांत आवडला.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे चित्रीकरणे थांबली. आम्ही मालगाड्यांसाठी ड्यूटीवर होतो, पण टपरी बंद होती. मे महिन्यात मतकरी कोरोनाने गेले. त्या रात्री आईला फोन केला तर ती 'गहिरे पाणी'तलीच एक गोष्ट सांगत बसली, या वेळी शेवटासकट. १३ जुलैपासून नवे भाग सुरू झाले आणि २९ ऑगस्टला दुसरे पर्व संपले. तो शनिवार होता आणि गणपती बसलेले होते. त्या वर्षी कुठे मंडप नव्हता की पंगत नव्हती. शेवटचा भाग ज्याने त्याने आपापल्या घरी पाहिला. अकरा वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. गाववाले लॉकडाऊन उठल्यावर कुडाळला गेले ते तिथेच होते, आणि त्यांच्याकडे वीज गेली होती. म्हणाले, "बोला, शेवटाक काय झाला?"