डिस्ट्रोफिनचा शोध आणि उल्लेखांचा हिशेब

मंडळी, आज आपण एका शास्त्रज्ञाच्या कामाचा इतिहास पाहणार आहोत. त्यासोबत एक प्रश्नही घेऊ: इतरांनी किती वेळा उल्लेख केला, यावरून संशोधनाचं मोल ठरतं का? शास्त्रज्ञ आहेत बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले लुई कुंकेल.

आधी आजार समजून घेऊ. चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना हात टेकतो, मग गुडघे, मग मांड्या धरत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. लंडनच्या गॉवर्स यांनी 1879 मध्ये हे उठणं नेमकं टिपलं. साधारण दहा-बाराव्या वर्षी चालणं थांबतं, पुढे श्वासाचे आणि हृदयाचे स्नायू थकतात. आजाराला नाव मिळालं फ्रान्सच्या डुशेन यांचं. त्यांच्याआधी लंडनच्या मेरियन यांनी तो वर्णिला होता, पण श्रेय वाटताना असं तेव्हाही होई!

जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो आणि घरोघरी बोट आईकडे जातं. म्हणून मुद्दाम सांगतो: सुमारे एक तृतीयांश मुलांत बिघाड नव्यानेच घडलेला असतो, आई वाहक नसतेच. आणि असली तरी त्यात तिचा दोष कसला?

1980 च्या सुमाराला पंचाईत ही होती, की स्नायूत नेमकं काय कमी पडतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. प्रथिन माहीत नाही, तर जनुक शोधायचं कसं? लंडनमध्ये के डेव्हिस आणि बॉब विल्यमसन यांच्या गटाने एक्स गुणसूत्राच्या आखूड बाहूपर्यंत माग काढला. टोरांटोत रॉन वॉर्टन यांनी वेगळी वाट धरली. कुंकेल यांच्या हाती आला एक मुलगा, ज्याला हा आजार होताच, शिवाय आणखी काही आनुवंशिक आजार एकत्र होते. म्हणजे त्याच्या एक्सचा एक तुकडाच गळालेला. मग त्यांनी वजाबाकी केली. जास्तीचे एक्स असलेल्या पेशींचा डीएनए थोडा आणि या मुलाचा भरपूर असे एकत्र केले. ज्या तुकड्यांना मुलाच्या डीएनएत जोडीदार मिळाला नाही, ते वेचले. त्यातला एक तुकडा इतर 57 रुग्णांत तपासला, तर पाच जणांत तो नव्हता. माग लागला!

पुढचं पाऊल आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे तुकडे कपाटात कुलूपबंद ठेवता आले असते. कुंकेल यांनी ते इतर प्रयोगशाळांना वाटले. 1986 च्या ‘नेचर’मधल्या लेखात 1346 रुग्णांची तपासणी आहे, आणि लेखकांची यादी लांबच लांब. त्याच वर्षी अँथनी मोनाको यांच्यासोबत जनुकाचे पहिले भाग हाती आले, आणि 1987 च्या डिसेंबरात हॉफमन, ब्राउन व कुंकेल यांनी प्रथिनाला नाव दिलं: डिस्ट्रोफिन. जनुक वीस लाखांहून अधिक अक्षरांचं, 79 एक्सॉनचं. प्रथिन मात्र स्नायूतल्या एकूण प्रथिनांच्या लाखात दोन भाग!

मग याच जनुकाच्या बिघाडाने काहींना सौम्य, बेकरचा आजार का होतो? उत्तर 1988 चं. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. ‘बदक कमळ बघत बसलं’ यातला ‘द’ काढा: ‘बकक मळब घतब सलं’. सगळंच बिघडलं. पण ‘कमळ’ अख्खं काढलं, तर ‘बदक बघत बसलं’ उरतं. अपुरं, पण अर्थ लागतो.

आता हिशेब. गारफिल्ड यांनी 1964 पासून उल्लेखसूची छापायला सुरुवात केली, 2005 मध्ये हिर्श यांनी एच-निर्देशांक काढला. डिस्ट्रोफिनच्या लेखाचे उल्लेख हजारोंत आहेत, ठीकच आहे. पण आजवर सर्वाधिक उल्लेख झालेला लेख प्रथिन मोजायच्या एका पद्धतीवरचा, लाउरी यांचा, 1951 चा आहे. म्हणजे हा आकडा वापर मोजतो, खोली नव्हे. उलट एखादी गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली, की तिचा उल्लेखच थांबतो. मर्टन यांनी हे फार पूर्वी दाखवलं. जनुक सापडण्यापूर्वी वाहक आईला गर्भ मुलाचा की मुलीचा एवढंच सांगता येई. मुलगा निरोगी की आजारी, ते नाही. आता ते सांगता येतं, आणि तपासणीच्या अहवालात कुंकेल यांचं नाव शोधू जाल तर मिळणार नाही.

1990 मध्ये डेव्हिस यांच्या गटाला एक रुग्ण आढळला: डिस्ट्रोफिनचा 46 टक्के भाग गायब, तरी वयाच्या 61 व्या वर्षी चालता. इतकं कापूनही प्रथिन चालतं, तर छोटं जनुकच देता येईल, हा विचार तिथून बळावला. 2016 साली अमेरिकेत मान्य झालेलं एटेप्लिर्सेन एक एक्सॉन वगळायला लावून तीन-तीनचं वाचन पुन्हा जुळवतं. त्याचा फायदा किती, यावर तेव्हाही वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. पुढच्या वेळी डेव्हिस यांच्या युट्रोफिनकडे वळू.