‘फाइन’ची कुळकथा

भंडारा जिल्ह्यातला शेतकरी धान दोन जोड्यांत ओळखतो. लवकर निसवतं ते हलकं, उशिरा निसवतं ते भारी. सडपातळ दाण्याचं ते बारीक, जाड दाण्याचं ते ठोकळ. यातला बारीक तांदूळ कट्ट्यात भरला की वर ‘सुपरफाइन’ असा छाप पडतो. त्याच घरातलं पोर शाळेत ‘आय ॲम फाइन’ म्हणजे ‘मी मजेत आहे’ असं घोकतं, आणि वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत केलं तर ‘फाइन’ भरतं. मजा, बारीकपणा आणि दंड एकाच शब्दात नांदतात कसे?

कूळ लॅटिन. ‘फिनिस’ म्हणजे शेवट, सीमा. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘फिन’ झालं: शेवटाला नेलेलं, ज्यात आणखी करण्यासारखं काही उरलं नाही असं. तेराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत आलं. सोन्यातलं हीण जाळत जाळत शेवटी उरतं ते फाइन. ९९९ ही शुद्धता आजही ‘फाइननेस’ म्हणूनच मोजतात. पीठ दळत न्यावं, सूत कातत न्यावं, तसतसं ते बारीक होत जातं. उत्तमाचा अर्थ बारीकपणाकडे सरकला तो असा. मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणकरांना हे नातं समजावून सांगायची गरज नाही. ‘छान हवा’ आणि ‘मी मजेत’ हे अर्थ बरेच मागाहूनचे.

दंडाचा ‘फाइन’ दिसायला परका, पण तोही याच घरचा. मध्ययुगीन कायद्यात वाद संपवण्यासाठी दिलेली रक्कम म्हणजे फाइन. शिक्षेचा वास त्याला नंतर लागला. देणं चुकतं करण्यावरून आलेला ‘फायनान्स’ही चुलत भाऊच. ‘फायनल’चं तर सांगायलाच नको. मुलांना सुटेसुटे अर्थ पाठ करायला लावण्यापेक्षा एकदा ही वंशावळ फळ्यावर काढावी, हे बरं.

सरकारी धान खरेदीत पूर्वी कॉमन, फाइन, सुपरफाइन अशा तीन प्रती होत्या. नव्वदच्या दशकात शेवटच्या दोन्ही मिळून ‘अ’ दर्जा झाला. दाण्याची लांबी रुंदीच्या किमान अडीचपट भरली तर ‘अ’, नाहीतर साधारण. २०२४-२५च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता, ‘अ’ दर्जाचा २३२०. सरकारदरबारी बारीकपणाचं मोल एवढंच: क्विंटलमागे २० रुपये.