विकासात्मक काचबिंदू

विकासात्मक काचबिंदू हा गर्भावस्थेत डोळ्याच्या पुढील भागाची घडण अपुरी राहिल्यामुळे होणारा विकार आहे. स्वच्छमंडल व परितारिका यांच्यामधील कोनात असलेल्या चाळणीसारख्या जाळीतून नेत्रजलाचा निचरा होतो. ही जाळी सदोष असल्यास डोळ्यातील दाब वाढतो व दृक्-चेतातंतू नष्ट होत जातात. गेलेली दृष्टी परत मिळत नाही.

तान्ह्या बाळात डोळ्यांतून पाणी येणे, उजेड सहन न होणे, बुबुळ धुरकट दिसणे व डोळा मोठा होणे ही लक्षणे आढळतात. ‘टपोरे, पाणीदार डोळे’ म्हणून घरी त्याचे कौतुकही होते आणि निदान लांबते. सुमारे तीन वर्षांनंतर डोळ्याचे आवरण ताठर होते. त्यानंतर दाब वाढला तरी डोळा फारसा मोठा होत नाही, बहुधा दुखतही नाही.

== अक्सेनफेल्ड–रीगर लक्षणसमूह ==
या दुर्मीळ आनुवंशिक विकारात बाहुली जागेवरून सरकलेली असते किंवा परितारिकेला छिद्रे असतात. थिओडोर अक्सेनफेल्ड यांनी १९२० मध्ये यातील स्वच्छमंडलाच्या दोषाचे वर्णन केले. पिटएक्स-२ व फॉक्स-सी-१ या जनुकांतील बदल अनेक रुग्णांत आढळतात. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता ५० टक्के असते. दात कमी किंवा बारीक असणे व बेंबीभोवती जादा त्वचा असणे या खुणा डोळ्यांच्या डॉक्टरांनीही पाहाव्यात अशा आहेत. सुमारे निम्म्या रुग्णांना काचबिंदू होतो, तोही बहुधा बालपणात किंवा तरुणपणी. कडेची दृष्टी आधी जात असल्याने शाळकरी मुलाच्या ते लक्षातही येत नाही.

== उपचार ==
मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. कोन छेदून निचऱ्याची वाट मोकळी करतात किंवा नवी वाट तयार करतात. थेंबांची औषधे पूरक ठरतात. मात्र ब्रिमोनिडीन दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत. दाबाची तपासणी आयुष्यभर करावी लागते.

== वडवणी परिसर ==
बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि काही महिन्यांनी परततात. अशा स्थलांतरात नियमित तपासणी टिकवणे अवघड असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते. त्याच्या मूळ ३० विकारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू व दृष्टिदोष आहेत, काचबिंदूचा स्वतंत्र उल्लेख नाही. जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.