म्हाताऱ्या कुत्र्याचा घास : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/ कुत्रा म्हातारा झाला की त्याला काय खाऊ घालावे? हा प्रश्न आज पशुवैद्याच्या दवाखान्यात आणि दुकानातल्या रंगीत पिशव्यांसमोर विचारला जातो, म्हणून तो नवा वाटतो. प्रत्यक्षात तो धर्मग्रंथांत, राजाच्या कोठारात, मुंबईच्या दंगलीत आणि वऱ्हाडातल्या उंबरठ्यावर निरनिराळ्या रूपांत पुढे आलेला आहे. त्या उत्तरांचा हा मागोवा. #थ्रेड #इतिहास

२/ सुरुवात वऱ्हाडापासून. धनज हे वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्याचे गाव. कारंजा हे ‘गुरुचरित्रा’च्या परंपरेनुसार नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यामुळे दत्ताची तसबीर या टापूला चांगली परिचित आहे : मागे गाय, पायाशी चार कुत्रे. हे चार कुत्रे म्हणजे चार वेद, असा अर्थ परंपरा सांगते. तसबिरीतले कुत्रे म्हातारे होत नाहीत. दाराबाहेरचा कुत्रा मात्र होतो, आणि त्याच्या घासाचा इतिहास तिथून सुरू होतो.

३/ गावातला कुत्रा पुष्कळदा एका घराचा नसतो. तो आळीची राखण करतो, शेतावर रानडुकरांवर भुंकतो, मेंढ्यांमागे चालतो. मोबदला म्हणून त्याला शिळी भाकर, ताक, खरकटे मिळते. म्हणजे हा घास एक प्रकारची मजुरी आहे. मग राखण करण्याचे बळ संपले की मजुरीही संपते का? की तो घास दान असतो? की हक्क? पुढची सगळी उत्तरे या तीन शब्दांभोवती फिरतात.

४/ पहिले उत्तर गृहस्थधर्माचे. वैश्वदेवाच्या विधीत घरच्यांनी जेवण्यापूर्वी इतर जीवांचा वाटा बाजूला काढायचा असतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात त्या वाट्यात कुत्रा आहे, कावळा आहे, किडामुंगीही आहे. अन्न जमिनीवर हळुवारपणे ठेवावे, अशी तिथे सूचना आहे. श्राद्धातल्या पंचबळींमधला श्वानबळी याच विचाराचा. इथे कुत्रा तरुण की म्हातारा, हे विचारले जात नाही. त्याने काम केले का, हेही नाही.

५/ पण याच यादीची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. कुत्र्या-कावळ्यांच्या त्याच ओळीत पतित ठरवलेली माणसे, श्वपच म्हटलेली माणसे आणि दुर्धर रोगांनी ग्रासलेली माणसेही बसवलेली आहेत. जनावराला घास देणारी व्यवस्था माणसाला त्याच पंक्तीत, जमिनीवर, बसवत होती. कोणाला काय खायला घातले जाते यावरून त्या समाजाची उतरंड दिसते. अन्नाचा इतिहास वाचताना हे भान ठेवावे लागते.

६/ दुसरे उत्तर राज्यकारभाराचे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात कोठाराचा अधिकारी कोणाला किती शिधा देईल, याचे कोष्टक आहे. आर्य पुरुषाच्या एका जेवणाला एक प्रस्थ अखंड तांदूळ. कुत्र्याला एक प्रस्थ शिजलेला भात. हंस, क्रौंच आणि मोर यांना अर्धा प्रस्थ. धर्मग्रंथातला अनिश्चित वाटा इथे मापात बसला. कुत्रा राज्याच्या हिशेबात आला.

७/ या कोष्टकात म्हाताऱ्या कुत्र्याची वेगळी नोंद नाही. घोड्यांच्या प्रकरणात मात्र वार्धक्याचा उल्लेख स्पष्ट आहे. युद्ध, रोग किंवा म्हातारपण यांमुळे कामातून गेलेल्या घोड्यांना निर्वाहापुरते अन्न मिळत राहावे, अशी तरतूद आहे. निवृत्तिवेतनाची ही फार जुनी कल्पना म्हणता येईल. मात्र ती सेवेच्या बदल्यात आहे. ज्याने सेवा केली नाही, त्याच्याविषयी कोठार गप्प आहे.

८/ सेवेच्या बदल्यात मिळणाऱ्या या मानाचे मराठी उदाहरण साताऱ्याचे. शाहू छत्रपतींच्या कुत्र्याने वाघापासून त्यांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला सनद, जहागीर आणि पालखी दिली, अशी हकीकत ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आहे. लोकपरंपरेत या कुत्र्याचे नाव खंड्या. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. जहागीर असलेल्या कुत्र्याला म्हातारपणी घासाची चिंता नसणार. पण हे भाग्य एकाचेच.

९/ वार्धक्य आणि अन्न यांचा थेट संबंध जोडणारा ग्रंथ इराणातून आला. संजाणमार्गे गुजरातेत आणि पुढे मुंबईत स्थिरावलेल्या पारशी समाजाने अवेस्ता भाषेतला ‘वेंदीदाद’ जपला. त्याचा तेरावा फर्गर्द, म्हणजे अध्याय, कुत्र्यांविषयी आहे. कळपाच्या कुत्र्याला वाईट अन्न देणारा माणूस मोठ्या घराच्या धन्याला वाईट अन्न वाढणाऱ्याइतकाच दोषी, असे तो मानतो. घरराख्या कुत्र्याची तुलना मधल्या दर्जाच्या घराच्या धन्याशी आहे.

१०/ याच अध्यायात एक विलक्षण निरीक्षण येते. सत्प्रवृत्तीच्या सृष्टीतल्या सर्व जीवांमध्ये कुत्रा सर्वांत लवकर म्हातारा होतो. खाणाऱ्यांच्या शेजारी बसून तो उपाशी राहतो आणि ज्यातले काहीच त्याला मिळणार नाही अशा मालाची राखण करतो. म्हणून त्याला दूध, स्निग्ध पदार्थ आणि मांस द्यावे. हेच त्याचे योग्य अन्न, असा निर्वाळा आहे. योग्य अन्नाची ही व्याख्या कुत्र्याच्या झिजण्यातून निघाली आहे.

११/ पंधरावा फर्गर्द आणखी बारकाईत शिरतो. कुत्र्याला फार कठीण हाडे किंवा फार गरम अन्न देणे हे पाप. हाड दातांत किंवा घशात अडकले, गरम अन्नाने तोंड पोळले आणि कुत्र्याला इजा झाली, तर देणारा जबाबदार. दात झिजलेल्या जनावरासमोर उरलेली हाडे टाकणे म्हणजे खाऊ घालणे नव्हे, ही समज इथे नियमाच्या भाषेत आहे. आपल्या जेवणातून कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याची चालही पारशी घरांत होती.

१२/ ही पार्श्वभूमी नसेल तर १८३२ ची मुंबई कळत नाही. उन्हाळ्याच्या ठरावीक मुदतीत भटके कुत्रे मारायचे आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळवायचे, असा कंपनी सरकारचा शिरस्ता होता. त्या वर्षी मुदत वाढवली गेली. ६ जून हा पारशांच्या दृष्टीने पवित्र दिवस. त्या दिवशी कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. पारशी अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा संस्कार असतो. त्यामुळे हा त्यांच्यासाठी केवळ स्वच्छतेचा मुद्दा नव्हता.

१३/ दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान लोकही सामील झाले. कुलाब्याच्या पलटणीची रसद अडवली गेली. भटक्या कुत्र्यांचा घास तोडणाऱ्या सरकारचा घास शहराने एक दिवस रोखून धरला, असे या घटनेचे वर्णन करता येईल. धरपकड झाली, खटले झाले. पण कुत्र्यांना मारण्याऐवजी अन्यत्र हलवावे, ही मागणी पुढे आली.

१४/ त्यातून १८३४ मध्ये मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. जमशेदजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीशा अमीचंद यांचे कुटुंब यांचा त्यात पुढाकार होता. पांजरपोळाची परंपरा गुजरातेत आधीपासून होतीच. मुंबईत तिला पारशांची कुत्र्यांविषयीची आस्था मिळाली. राखण न करणाऱ्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या, म्हाताऱ्या जनावराला जन्मभर अन्न मिळावे, हे तत्त्व संस्थेच्या रूपात शहराच्या मध्यभागी आले. मजुरीचा घास इथे हक्काच्या जवळ पोहोचला.

१५/ पण जगू देणे आणि नीट खाऊ घालणे यांत अंतर असते. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक युरोपीय प्रवाशांनी पांजरपोळांतल्या रोगट, अर्धपोटी जनावरांवर टीका केली. त्या टीकेत परकीयांचा तोरा होता, तसेच थोडे तथ्यही होते. अहिंसेवर उभ्या असलेल्या संस्थेत मांस बसणारे नव्हते. ‘वेंदीदाद’ने योग्य ठरवलेले अन्न आणि पांजरपोळाला देता येणारे अन्न यांत हा मूलभूत ताण होता. जीव वाचला, आहाराचा प्रश्न उरला.

१६/ तो प्रश्न पुढे वैद्यकाने आणि बाजाराने घेतला. परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचे रुग्णालय झाले आणि तिथेच १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी, १८६० च्या सुमारास, जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी गहू, भाज्या, बीट आणि मांस यांची बिस्किटे विकायला काढली होती. घास आता विकत मिळू लागला.

१७/ आजारानुसार आहार ही कल्पना त्यानंतरची. १९३९ मध्ये अमेरिकेत मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांचा वाटाड्या कुत्रा ‘बडी’ मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडला. पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी त्याच्यासाठी खास अन्न तयार केले. त्यातून पुढे औषधी पशुखाद्याचा उद्योग उभा राहिला. मूत्रपिंडाचा विकार म्हाताऱ्या कुत्र्यांत सर्रास आढळतो, म्हणून ही घटना महत्त्वाची. इथेही सुरुवात सेवा करणाऱ्या कुत्र्यापासून झाली, हे लक्षात घ्यावे.

१८/ मग भाकरीवर वाढलेला गावचा कुत्रा चुकीचे खात होता का? पूर्णपणे नाही. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसले की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन, तर कुत्र्यात त्याच्या कितीतरी पट असतात. माणसाच्या शेतीने कुत्र्याचे पोट बदलले. ज्वारीची भाकर त्याला पचते. मात्र एकट्या भाकरीवर म्हाताऱ्या शरीराचे भागत नाही.

१९/ आजचे पशुवैद्यक काय सांगते? वय झाले की हालचाल घटते, म्हणून ऊर्जेची गरज कमी होते. पण स्नायू झिजतात, म्हणून निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याची प्रथिने उगाच तोडू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास पथ्य वेगळे, तपासणीनंतरचे. अन्न मऊ, कोमट, थोडे थोडे, दिवसातून दोन-तीनदा. पाणी नेहमी जवळ. भिजवलेली भाकर किंवा मऊ भात, सोबत उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याचे मांस. दूध अनेकांना बाधते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजलेली हाडे वर्ज्य.

२०/ या यादीत कठीण हाड आणि गरम घास यांविषयीची ‘वेंदीदाद’ची सावधगिरी बरीचशी टिकून आहे, दुधाबाबतचा सल्ला मात्र बदलला आहे. जुन्या ग्रंथांकडे याच नजरेने पाहावे. त्यांत निरीक्षण असते, त्यांच्या काळाची उतरंडही असते. कुठले घ्यायचे आणि कुठले सोडायचे, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

२१/ कोठाराने घास मापला, महाराजांनी जहागीर दिली, शहराने त्यासाठी दंगल केली, बाजाराने तो पिशवीत भरला. तरी ज्याने आयुष्यभर एखाद्या आळीची राखण केली आणि आता ज्याला भाकर चावत नाही, असा धनजमधला किंवा कुठल्याही गावातला कुत्रा यांपैकी कोणाच्याच हिशेबात बसत नाही. त्याच्यासाठी या सगळ्या इतिहासातून उतरणारी गोष्ट छोटी आहे : उरलेली भाकर दारात टाकण्यापूर्वी ती पाण्यात किंवा बिनमिठाच्या ताकात भिजवावी, आणि कधीतरी तिच्यात एखादे अंडे कुस्करावे.