बीएस्सी करतानाही नाटक करता येतं? चंद्रपूर-गडचिरोलीत कॉलेज निवडताना हे तपासा

बारावीनंतर बीएस्सी किंवा बीकॉमला प्रवेश घ्यायचा, पण नाटक सोडायचं नाही, असं अनेकांना वाटतं. त्यासाठी पुणे-मुंबई गाठायची किंवा नाट्यशास्त्राचीच पदवी घ्यायची गरज नाही. मात्र कॉलेज बघून निवडावं लागतं.

संधी कुठे मिळते?

२०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचं कार्यक्षेत्र म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे. विद्यापीठांचे संघ 'इंद्रधनुष्य' या राज्यस्तरीय महोत्सवात आणि भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवात उतरतात. युवा महोत्सवाच्या नाट्य विभागात चार प्रकार असतात: एकांकिका (३० मिनिटं), प्रहसन (१० मिनिटं), मूकाभिनय आणि नक्कल (प्रत्येकी ५ मिनिटं). शाखेची अट नाही, वयाची आहे: २५ वर्षांच्या आत.

अडचण कुठे येते?

इथे प्रवेशिका कॉलेजमार्फत जाते. कॉलेजने संघच पाठवला नाही, तर चांगल्या नटालाही तीन वर्षं प्रेक्षकांतच बसावं लागतं.

प्रवेशाआधी काय विचाराल?

• गेल्या तीन वर्षांत युवा महोत्सवात कॉलेजची एकांकिका होती का?
• तालमीसाठी हॉल मिळतो का? शेवटच्या एसटीआधी तालीम संपते का?
• दिग्दर्शन कोण करतं? नेपथ्य, कपडे, प्रवास यांचा खर्च कोण उचलतं?
• रासेयोचं पथक पथनाट्य बसवतं का?
• नव्या शैक्षणिक धोरणातल्या सहअभ्यासक्रमात नाट्यकला आहे का? असल्यास क्रेडिटही मिळतात.

ही उत्तरं माहितीपत्रकात क्वचितच सापडतात. सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांना आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटलेलं बरं.

कॉलेजबाहेर काय?

या भागाकडे स्वतःची झाडीपट्टी रंगभूमी आहे. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं मुख्य केंद्र. दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. याच रंगभूमीवरचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र ही तिकिटावर चालणारी व्यावसायिक नाटकं आहेत. त्यांचा हंगाम कॉलेजच्या ऐन सत्रात येतो आणि रात्रभराच्या प्रयोगानंतर सकाळचं प्रॅक्टिकल गाठणं कठीण जातं. त्यामुळे शिकताना नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत अशी कामं जवळून पाहायची आणि सुट्टीच्या दिवसांत हात लावायचा, हा मार्ग सोयीचा. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या स्थानिक हौशी संस्थांचं दारही ठोठावता येतं.

कॉलेजात नाट्यमंडळच नसेल, तर पाच-सहा जण जमवून प्रहसनापासून सुरुवात करा. त्याला सहा कलाकार पुरतात, नेपथ्यही फारसं लागत नाही.