दोघांनी दारी जायचं: एका घरभेटीची कुळकथा

मुंबई-वसईकडच्या अनेक कॅथलिक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असते. त्या शाखेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. नोकरी, शेती, घर सांभाळणारी साधी माणसं तिचे सभासद, आणि पगार कुणालाच नाही. कुणाला महिन्याचा शिधा, कुणाला औषधं, कुणाच्या लेकराची फी, असं त्यांचं काम. त्यात एक रीत कसोशीनं पाळली जाते. गरजूला बोलावून रांगेत उभं करायचं नाही, आपण त्याच्या दारी जायचं, आणि जाताना दोघांनी मिळून जायचं. या रीतीचं कूळ चारशे वर्षं मागे जातं.

१६१७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या शातियाँ गावी विन्सेंट डी पॉल हे धर्मगुरू रविवारच्या मिस्साची तयारी करत होते. गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडले आहेत, पाणी द्यायलाही कुणी उठू शकत नाही, अशी खबर आली. त्यांनी ते प्रवचनात सांगितलं. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले, तर वाटेवर बायकांची रीघ लागलेली. प्रत्येकीच्या हाती अन्न. विन्सेंट यांना आनंद झाला आणि काळजीही वाटली. आज इतकं आलं की बरंचसं नासून जाईल, आणि चार दिवसांनी हे घर पुन्हा उपाशी राहील. गावात दया भरपूर होती, तिला पाळी लावून दिलेली नव्हती.

काही दिवसांतच त्यांनी गावातल्या बायकांना एकत्र करून वार वाटून दिले. त्याच वर्षी या मंडळाचे नियम लिहिले गेले. ते वाचताना लिहिणाऱ्याचं मन दिसतं. आजाऱ्याशी हसतमुखानं बोलावं, त्याचे हात धुवावेत, ताट मांडून प्रेमानं जेवू घालावं. ज्याच्याजवळ कुणीतरी आहे त्याच्याकडे आधी जावं आणि अगदी एकट्या असलेल्याकडे शेवटी, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येईल. पुढे १६३३ मध्ये लुईज द मारियाक यांच्यासह त्यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा धर्मभगिनींचा संघ उभा केला.

दोनशे वर्षांनी हीच रीत पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या हाती आली. १८३२ मध्ये शहरात पटकीनं हजारो माणसं गेली होती. सोरबोन विद्यापीठात शिकणारा फ्रेडरिक ओझानाम मित्रांसोबत इतिहासावरच्या चर्चासभा चालवायचा. तिथे चर्चच्या विरोधकांनी विचारलं, तुमच्या धर्मानं पूर्वी मोठी कामं केली असतील, पण आज तुम्ही स्वतः काय करता? हा सवाल त्याला झोंबला. २३ एप्रिल १८३३ रोजी, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि वयानं मोठे असलेले संपादक एमान्युएल बायी अशा सात जणांची बैठक झाली. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची ती पहिली बैठक.

काम कसं करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते शिकायला ते सिस्टर रोझली रांद्यू यांच्याकडे गेले. विन्सेंट यांच्याच संघातल्या या धर्मभगिनी मूफतार भागातल्या वस्त्यांत वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्यांनी गरजू कुटुंबांची नावं दिली, पावासाठी चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबाच्या घरात शिरताना कसं बोलावं, किती ऐकावं हे शिकवलं. पैशांची सोय बैठकीतच व्हायची. शेवटी थैली फिरे, ज्याला जे जमेल ते तो टाकी, आणि कुणी किती टाकलं हे कुणी पाहत नसे. ही गुप्त वर्गणी आजही चालते. भेट दिलेल्या घरातली गोष्ट बाहेर न बोलण्याचा नियमही तसाच टिकला आहे.

सभासद शंभरावर गेल्यावर दोन तट पडले. काहींना एकत्रच राहायचं होतं. गट लहान राहिले तरच माणसं एकमेकांना आणि गरजूंना ओळखतील, असं ओझानामचं मत होतं. १८३५ मध्ये वेगवेगळ्या धर्मग्रामांत शाखा झाल्या, त्याच वर्षी संस्थेची नियमावलीही तयार झाली. या विभागणीमुळेच संस्था पसरली. एकोणिसाव्या शतकातच ती मुंबई इलाख्यात पोहोचली. ओझानाम १८५३ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारला. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केलं. आज सुमारे दीडशे देशांत या शाखा आहेत, आणि मदत करताना त्या समोरच्याचा धर्म पाहत नाहीत.

बीड जिल्ह्यातलं, गेवराई तालुक्यातलं चकलांबा डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितो आहे. या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर घरी म्हातारे आई-वडील आणि काही ठिकाणी त्यांच्या हवाली केलेली नातवंडं असतात. रेशनचं धान्य मिळालं तरी ते दळून कोण आणणार, गोळ्या संपल्या हे कुणाला सांगणार? शातियाँच्या त्या घराची अडचण याच जातीची होती.

तिच्यावरचा तोडगा कुणाही गावाला उचलता येईल. त्याला इमारत लागत नाही, देणगीदार लागत नाही, ख्रिस्ती असावं लागत नाही. गावातल्या दहा-बारा जणांनी एकत्र बसावं, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची यादी करावी, वार वाटून घ्यावेत आणि दोघादोघांनी जावं. यंदा ऊसतोडीच्या गाड्या भरतील त्याच आठवड्यात ही यादी करा, आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जाऊन जास्त वेळ बसा.