संगणकाच्या घटकभागांची निवड

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, संचय-साधने, वीजपुरवठा व केबिनेट हे भाग निरनिराळ्या उत्पादकांकडून घेऊन कामाला अनुरूप असा वैयक्तिक संगणक जुळविण्याची पद्धत. संगणकीय खेळ व व्हिडिओ संपादन ही कामे अशा संगणकाची सर्वाधिक कसोटी पाहणारी असल्याने या पद्धतीचा विकास बव्हंशी त्यांच्या गरजांनुसार झाला आहे. निवडीचे स्वातंत्र्य मात्र तंत्रविद्येतून आपोआप आलेले नाही. जोडण्यांची मानके सर्वांना खुली राहिली, तेव्हाच ते टिकले.

पूर्वेतिहास : जानेवारी १९७५ मध्ये एका अमेरिकन मासिकाने ‘अल्टेअर ८८००’ या सुट्या भागांच्या संचाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या शंभर टोकांच्या जोडणीवर इतर उत्पादकांची कार्डेही बसू लागली. १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात उपलब्ध असलेल्या भागांपासून तयार केला, त्यात पाच विस्तार-खाचा ठेवल्या आणि मंडलांच्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. त्यातील मूलभूत आज्ञावली (बायोस) तेवढी स्वामित्वहक्काने संरक्षित होती. कॉम्पॅकने ती स्वतंत्रपणे लिहून १९८३ मध्ये सुसंगत संगणक विक्रीस आणला. १९८७ मध्ये आयबीएमने नवी, परवान्याने बांधलेली जोडणी आणली. परंतु पुढील वर्षी नऊ कंपन्यांनी पर्यायी मानक जाहीर केले व आयबीएमचा प्रयत्न फसला. १९९५ मध्ये इंटेलने प्रसृत केलेल्या एटीएक्स मानकाने मदरबोर्डाचे माप (३०·५ × २४·४ सेंमी.), स्क्रूंच्या जागा व वीजजोडणी निश्चित केली. कोणाचाही मदरबोर्ड कोणाच्याही केबिनेटमध्ये बसावा, ही आजची अपेक्षा त्यातून रूढ झाली.

भारतात १९८४ च्या संगणक धोरणानंतर आयातीवरील निर्बंध सैल होत गेले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग) व दिल्लीतील नेहरू प्लेस येथे सुटे भाग विकणारी आणि संगणक जुळवून देणारी दुकाने एकवटली. ‘असेंबल्ड’ संगणक हा शब्दप्रयोग मराठीतही रुळला तो या व्यवसायामुळे.

खेळांचा प्रभाव : १९९३ मधील ‘डूम’ या खेळात प्रत्येक चित्राची आकडेमोड प्रोसेसरच करीत असे, साहजिकच वेगवान प्रोसेसर घेणे हीच योग्य निवड ठरे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू’ कार्डाने त्रिमितीय चित्रणाचे बरेचसे काम स्वतःकडे घेतले व १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ ने भूमितीय रूपांतर आणि प्रकाशयोजना यांची गणितेही उचलली. चित्रबिंदूंची गणिते बव्हंशी परस्परांवर अवलंबून नसल्याने ती असंख्य लहान गणनकेंद्रांत एकाच वेळी करता येतात, हे या विभागणीचे कारण होय.

तथापि प्रोसेसरचे महत्त्व संपले नाही. सेकंदाला ६० चित्रे हवी असल्यास प्रत्येक चित्रासाठी सु. १६·७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असल्यास ६·९. एवढ्या वेळात खेळाचे नियम व पात्रांच्या हालचाली प्रोसेसरला हिशोबात घ्याव्या लागतात. ३८४० × २१६० चित्रबिंदूंच्या पडद्यावर १९२० × १०८० च्या चौपट बिंदू असल्याने तेथे ताण कार्डावर पडतो. लहान पडद्यावर जास्त चित्रगती हवी असल्यास तो प्रोसेसरवर येतो. म्हणून पडदा ठरल्यावाचून कार्ड ठरविणे सयुक्तिक नव्हे.

व्हिडिओ संपादन : येथील मूळ अडचण विदेच्या प्रमाणाची होती. ७२० × ५७६ बिंदूंची २५ चित्रे, प्रत्येक बिंदूस दोन बाइट धरल्यास, सेकंदाला सु. २ कोटी ७ लक्ष बाइट होतात. १९९० च्या सुमारास सामान्य हार्ड डिस्कला हा ओघ पेलत नसे. म्हणून संक्षेपन करणारी खास कार्डे व अनेक डिस्कांचे संच वापरावे लागत. १९९५ मधील डीव्ही प्रकाराने चित्राचा ओघ सेकंदाला सु. २५ मेगाबिटवर आणला आणि संपादन घरगुती संगणकाच्या आवाक्यात आले.

पुढे संक्षेपन अधिक गुंतागुंतीचे झाले. एच.२६४ सारख्या प्रकारांत एक चित्र दाखविण्यासाठी मागचीपुढची चित्रेही उलगडावी लागतात. इंटेलने २०११ पासून प्रोसेसरमध्येच त्यासाठी खास मंडल दिले. परंतु असे मंडल प्रत्येक प्रकार उलगडतेच असे नाही. एचईव्हीसी ४:२:२ हा व्यावसायिक कॅमेऱ्यांतील प्रकार उलगडण्याची सोय जीफोर्स कार्डांत २०२५ च्या मालिकेत आली. संपादकाने प्रथम आपल्या कॅमेऱ्याचा प्रकार पाहावा तो यासाठीच.

समतोल : दोन्ही कामांच्या गरजा नेहमी जुळत नाहीत. २०२२ मधील ‘रायझेन ७ ५८००एक्स३डी’ मध्ये ९६ मेगाबाइट तृतीय स्तर कॅश होता. त्याचा लाभ खेळांत ठळक दिसे. चित्रफितीचे अंतिम रूप तयार करताना मात्र कमी कंप्रतेमुळे तो साध्या ५८००एक्सच्या किंचित मागेच राही. संपादकाला अधिक गाभे, अधिक रॅम व वेगवान एनव्हीएमई संचय यांवर खर्च करणे हितावह असते. वीजपुरवठ्यावर काटकसर दोघांनाही महागात पडते : २०२२ मधील ‘आरटीएक्स ४०९०’ ची विहित शक्ती ४५० वॉट, तर २०२५ मधील ‘५०९०’ ची ५७५ वॉट आहे. २०२२ मध्ये नव्या सोळा पिनांच्या जोडण्या नीट न बसल्याने वितळल्याच्या घटना घडल्या.

२०२० मध्ये ॲपलने ‘एम१’ मध्ये प्रोसेसर, चित्रण-मंडल व रॅम एकाच आवेष्टनात आणली. त्यामुळे विजेचा खर्च कमी झाला व संपादनाचा वेग वाढला; परंतु रॅम मागाहून वाढविणे अशक्य झाले. निवड करण्याचा हक्क अशा रीतीने खरेदीच्या क्षणापुरता उरतो. कमी भांडवलावर काम सुरू करून मिळकतीप्रमाणे एकेक भाग बदलणाऱ्या लहान स्टुडिओला हा फरक मोठा आहे. खुल्या मानकांचे मोल वेगाच्या आकड्यांत मोजता येत नाही. ते यंत्राच्या आयुष्यात दिसते.